मोफत ऑनलाइन कोर्स सुरू करतो, पण एकही पूर्ण होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला आहात, तीन कोर्स सुरू केले आणि तिन्ही तिसऱ्या आठवड्याच्या आत सुटले. हा तुमचा आळस आहे, हे आधी मनातून काढा. २०११ साली स्टॅनफर्डने कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं होतं. शेवटपर्यंत टिकले २०,००० च्या आसपास.

मीही एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्था मिळून चालवतात त्या मोफत ऑनलाइन उपक्रमाचे, दोन कोर्स अर्ध्यावर सोडले होते. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राला वर्षभर शिक्षकच नव्हते, त्यामुळे आयआयटीचे प्राध्यापक मोबाइलवर फुकट शिकवताहेत याचं मला अप्रूप होतं, आजही आहे. पण रात्री एकट्याने बघायचो. एखादी पायरी अडली की विचारायला कोणी नसायचं. एक असाइनमेंट चुकली की वाटायचं, आता संपलं.

तिसऱ्या वेळी आम्ही तिघं शनिवारी एका लॅपटॉपसमोर बसायला लागलो. दर पाच-सात मिनिटांनी व्हिडिओ थांबवायचा आणि एकाने ते मराठीत समजावून सांगायचं. तेव्हा कळलं की आम्हाला गणित अडत नव्हतं, सलग इंग्रजी ऐकताना धागा सुटत होता. बारा आठवडे पूर्ण झाले ते या शनिवारांमुळे.

एनपीटेलचे नियमही नीट वाचा, मी ते फार उशिरा वाचले. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटच धरतात, म्हणजे दोन-तीन चुकल्या तरी बिघडत नाही. असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. शिकणं मोफत आहे, परीक्षेला मात्र फी भरावी लागते. आम्ही प्रत्येकी हजार रुपये भरले. ज्याच्या घरी ही रक्कम जड आहे त्याने प्रमाणपत्राच्या मागे न लागता नुसतं शिकलं तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. पदवीत धरले जाणारे क्रेडिट हवे असतील तर नाव नोंदवण्याआधी कॉलेजात विचारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून करता येतात (एनपीटेलचे कोर्स याच पोर्टलवर असतात), पण कोणता कोर्स मान्य करायचा हे तुमचं विद्यापीठ ठरवतं.

इंग्रजीच आड येत असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलपासून सुरुवात करा. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा, लिनक्स ही विंडोजसारखी मोफत प्रणाली, लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर असे विषय मराठी आवाजात, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत आहेत. ऐकता ऐकता शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं. माझ्या धाकट्या बहिणीने लिबरऑफिस असंच शिकून घेतलं.

एनपीटेलची पुढची तुकडी जानेवारीत किंवा जुलैत सुरू होईल. तोवर वर्गातले दोन जण शोधा आणि तिघांत मिळून एकच कोर्स घ्या. संख्याशास्त्र घेणार असाल तर इथे कळवा, माझ्या वहीतली मराठी टिपणं फोटो काढून पाठवतो.