नोकरी बदलतोयस? पीएफ काढण्याआधी हे वाच

पहिली नोकरी सोडली की पीएफची रक्कम खुणावते, हे मला माहीत आहे. मीही चौथ्या वर्षी काढली होती आणि त्याची हळहळ अजून आहे. म्हणून कळकळीने सांगतो, काढू नकोस, नव्या कंपनीच्या खात्यात वळती कर.

सलग पाच वर्षं सेवा झाली नसेल तर काढलेली रक्कम करपात्र ठरते. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगारात धरतात. तुझ्या वाट्यावर आयकराच्या ८०सी कलमाखाली सवलत घेतली असशील तर तीही परत जाते. वळती केलीस तर मात्र जुन्या नोकरीची वर्षं मोजली जातात. म्हणजे इथली तीन आणि पुढची दोन मिळून पाच, मग कर नाही. यूएएन, म्हणजे तुझा कायमचा पीएफ क्रमांक, तोच राहतो, फक्त जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे ना, ते आधी पाहा. तिथेच बहुतेकांचं अडतं.

पाच वर्षांआधी काढावीच लागली, तर रक्कम ५०,००० रुपये किंवा जास्त असताना १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापतात. पॅन जोडलेलं नसेल तर आणखी जास्त. आणि टीडीएस कापला म्हणजे कर संपला असं समजू नकोस. तू ३० टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर उरलेला कर विवरणपत्र भरताना द्यावाच लागतो. ५०,००० पेक्षा कमी रकमेवर टीडीएस नाही, पण करपात्र ती असतेच.

आजारपणामुळे किंवा कंपनीच बंद पडल्याने नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागू होत नाही.