टमी टकनंतर पोटाच्या व्यायामाकडे परतताना

ताई, टमी टकच्या, म्हणजे पोटावरची जादा त्वचा काढून पोट घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेला पाचच आठवडे झाले असताना व्यायामाची तुम्हाला लागलेली ओढ मला समजते, कारण मीही त्यातून गेले आहे. परंतु पोटाचे उभे स्नायू आतून टाक्यांनी जवळ आणलेले असतील, तर वरची जखम भरलेली दिसली तरी आतली शिवण अजून पक्की झालेली नसते.

सध्या चालणे हाच तुमचा व्यायाम आहे. सारसबागेतील सपाट वाटेवर वीस मिनिटे चाला; पर्वतीच्या पायऱ्या थांबू शकतात. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा आणि भरलेली बादली उचलू नका.

सर्जनांनी परवानगी दिल्यावर, म्हणजे बहुधा ६ ते ८ आठवड्यांनंतर, पोटाने सावकाश श्वास घेणे आणि उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर हलकेच जमिनीला टेकवणे, एवढ्या दोनच गोष्टींनी सुरुवात करा. क्रंचेस, प्लँक, नौकासन आणि सूर्यनमस्कार यांना बहुतेकदा १२ आठवडे किंवा अधिक काळ लागतो.

नवख्यांच्या हातून होणाऱ्या चुका मुख्यतः तीन:

- ‘दुखत नाही, म्हणजे चालेल’ असे मानणे. पोटाची त्वचा कित्येक महिने बधिर राहू शकते, त्यामुळे वेदनेवर विसंबू नका. व्यायामानंतर संध्याकाळी सूज वाढली किंवा पोटाच्या मध्यभागी उंचवटा आला, तर तो व्यायाम थांबवून सर्जनांना दाखवा.
- जोर लावताना श्वास रोखणे.
- पोटाला आधार देणारा दाबपट्टा बांधला म्हणून वजन उचलणे.