कोकणातून वऱ्हाडात बदली झाली आहे. इथल्या कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात घरच्यांची तब्येत कशी सांभाळायची?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये रत्नागिरीहून दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आलात, घसा सारखा खवखवतो आणि लहान मुलीचा दोनदा घोळणा फुटला. मी याच भागातला, शेती करतो. आधी मुलीचं सांगतो.

घोळणा फुटला की आमच्याकडे लेकराची मान मागं करून डोक्यावर पाणी ओततात, कांदा हुंगवतात. मान मागं करू नका, रक्त घशात उतरतं आणि मळमळतं. तिला बसवा, थोडं पुढं वाकवा आणि हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग दहा मिनिटं दाबून ठेवा. मधेच सोडून बघायचं नाही. श्वास तोंडानं घेऊ द्या, तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या. अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखाना गाठा, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. बहुतेक वेळा कारण साधं असतं. कोरड्या हवेनं नाक आतून सुकतं, खपली धरते आणि मुलं ती बोटानं काढतात. तिची नखं कापलेली ठेवा. मेडिकलमध्ये मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, ते दिवसातून दोन-तीनदा टाका. झोपताना नाकपुडीच्या आत कडेला थोडं व्हॅसलीन लावा.

आता तुम्हा सगळ्यांचं. कोकणात घाम अंगावर राहतो, सदरा भिजतो, म्हणून पाण्याची आठवण होते. इथं मे महिन्यात पारा 44-45 वर जातो आणि हवेत ओल जवळपास नसतेच, त्यामुळे घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं दिसतं, पण शरीरातलं पाणी जातच असतं. नवा माणूस नेमका इथं फसतो. म्हणून तहान लागायची वाट बघू नका. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलं, हे मुलीलाही शिकवा.

त्यात तुमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट असतं, ते घशाखाली उतरत नाही आणि माणूस नकळत कमी पितो. नळाचं गोडं पाणी माठात भरून ठेवा. जोडीला ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, अंबाडीचं शरबत असू द्या. जुलाब-उलट्या झाल्या आणि ओआरएसची पुडी घरात नसली, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे खारट बोअरच्या पाण्यात मात्र करू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं.

धुळीचं म्हणाल तर काळ्या मातीचा फुफाटा फार बारीक असतो, कोरडा झाडू मारला की घरभर उडतो. आधी पाणी शिंपडा, मग झाडा, किंवा सरळ ओल्या फडक्यानं पुसा. डोळ्यात गेली तर चोळू नका, पाण्यानं धुवा. बाहेर पडताना कान-डोकं दुपट्ट्यानं बांधा. तो उन्हाला चांगला, पण बारीक धूळ त्यातून आत जातेच. थ्रेशर चालू असेल तिथं एन-95 मास्क लावा. घरात कुणाला दमा असेल तर बरं वाटतंय म्हणून पंप बंद करू नका.

अकरा ते पाच मुलीला उन्हात खेळू देऊ नका. विदर्भातल्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात त्या याच उन्हामुळे. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्ध हरपतेय, असं दिसलं तर ते ऊन लागणं जिवावरचं आहे. क्रोसिन देत बसू नका, या तापावर ती चालत नाही. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी टाकत पंखा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

कूलर घ्या, इथल्या कोरड्या हवेत तो छान चालतो आणि खोलीत थोडी ओल राहून नाकालाही बरं वाटतं. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसता दमटपणा साचतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा आणि सुकवा, त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. आणि एक कळकळीनं सांगतो, दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पाणी भरण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. भाड्याचं घर असेल तर कूलर लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.