एसएसएचची प्रायव्हेट की पेन ड्राइव्हवर ठेवावी का? हरवली तर सर्व्हरमध्ये कसं शिरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन लिनक्स सर्व्हर, त्यातला एक ॲमेझॉनवर. ऑफिसचा विंडोज लॅपटॉप आणि घरचं उबंटू, दोन्हींवर एसएसएचची (दुरून सर्व्हरमध्ये सुरक्षित शिरण्याची सोय) तीच एक प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त ठेवायची फाइल. तिची एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर, कारण हरवली तर पंचाईत. आणि आता हाताखाली आलेल्या शिकाऊ मुलालाही तीच द्यावी का?

भीती रास्त आहे, पण उपाय उलटा झालाय. प्रायव्हेट कीचा बॅकअप घेऊच नका. पर्यायी सोय हवी ती सर्व्हरमध्ये शिरण्याची. प्रत्येक मशीनवर तिथेच तयार केलेली, तिथून कधीच न हलणारी स्वतंत्र की ठेवा, आणि दोन्हींच्या जोडीच्या, उघड करता येणाऱ्या पब्लिक कीज तिन्ही सर्व्हरवर टाका. लॅपटॉप चोरीला गेला तर घरच्या मशीनवरून आत शिरा, सर्व्हरवरच्या कीजच्या यादीतली लॅपटॉपच्या नावाची ओळ खोडा, नव्या लॅपटॉपवर नवी की बनवा. कॉपी लागलीच नाही.

हे जमतं, कारण लॉगिन करताना प्रायव्हेट की मशीनबाहेर जातच नाही. तुमचा क्लायंट त्या विशिष्ट सेशनच्या ओळखीवर सही करतो आणि सर्व्हर ती सही आपल्याकडच्या पब्लिक कीशी ताडून बघतो, एवढंच. पब्लिक की मात्र बिनधास्त वाटा, व्हॉट्सॲपवर पाठवली तरी बिघडत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर तर खात्याच्या पत्त्यापुढे ‘.कीज’ जोडलं तर कुणाच्याही पब्लिक कीज उघड वाचता येतात.

तुमच्या सध्याच्या कीला पासफ्रेज (की उघडायचा पासवर्ड) आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तपासायला ‘एसएसएच-कीजेन -वाय -एफ’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाइप करा. पुढच्या ‘-सी’, ‘-ए’ आणि ‘-जे’ची अक्षरं कॅपिटल, बाकीची लहान.) काहीही न विचारता पब्लिक की स्क्रीनवर आली, तर फाइल उघडी आहे. ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या नावाने आत शिरेल. पासफ्रेज विचारला तरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघाच. ‘बिगिन आरएसए प्रायव्हेट की’ असेल तर तो जुना फॉरमॅट. त्यात पासफ्रेजवर एमडी5 ही झटपट होणारी गणिती प्रक्रिया जेमतेम एकदा फिरवतात, त्यामुळे फाइल हाती लागलेल्याला धडाधड अंदाज करून बघणं फार स्वस्त पडतं. ‘बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की’ असेल तर नवा फॉरमॅट, तो मुद्दाम संथ असलेलं बीक्रिप्ट वापरतो. हा ओपनएसएसएचच्या 2014 च्या 6.5 आवृत्तीत आला आणि 2018 च्या 7.8 पासून आपोआप लागू झाला. म्हणजे 2018 आधीची आरएसए की असेल तर ती बहुधा जुन्याच वेष्टनात असणार.

‘-पी’ देऊन पासफ्रेज बदलता येतो, पण बदल होतो तो त्या एका फाइलपुरता. पेन ड्राइव्हवरच्या कॉपीला जुनाच पासफ्रेज राहतो, आणि सर्व्हरच्या लेखी दोन्ही फाइली सारख्याच. गुगल ड्राइव्हवरून खोडलीत तरी ट्रॅशमध्ये असेल, आणखी कुठल्या मशीनवर सिंक झालेली असेल. पेन ड्राइव्हची तर वेगळीच गंमत. तो बहुतेक वेळा एक्सफॅट किंवा फॅट32 मध्ये असतो, त्याला लिनक्सच्या परवानग्या कळतच नाहीत. ‘सीएचमॉड 600’ (फक्त मालकालाच वाचू देणारी परवानगी) करा, फाइल सगळ्यांना वाचता येण्यासारखीच राहते, आणि एसएसएच ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असं मोठ्या अक्षरांत ओरडून ती वापरायला नकार देतो. मग लोक ती डेस्कटॉपवर कॉपी करतात आणि तिथेच विसरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: सध्याची की मोडीत काढा. ती मोडीत निघते सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलमधून तिची ओळ काढल्यावरच. नुसती नवी बनवल्याने जुनीचं काहीच होत नाही, आणि साध्या एसएसएच कीला स्वतःची मुदत नसते. खरं तर सांभाळायची फाइल ती सर्व्हरवरचीच. मागे एका क्लायंटचा सर्व्हर आमच्याकडे आला तेव्हा ती उघडली, तर निम्म्या ओळींच्या शेवटी नुसतं ‘रूट@लोकलहोस्ट’. कोण, कुठला, नोकरीत आहे की गेला, सांगायला कुणी नाही. तेव्हा की बनवताना ‘-सी’ने नाव, मशीन आणि वर्ष घालाच.

आता क्रम. घरच्या मशीनवर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी25519’ चालवा, पासफ्रेज द्या. चार-पाच असंबद्ध शब्दांचा पासफ्रेज लक्षात राहतो आणि तोडायलाही जड जातो. पब्लिक की ‘एसएसएच-कॉपी-आयडी’ने सर्व्हरवर टाका. विंडोजवर ही कमांड मिळत नाही, तिथून ती एक ओळ जशीच्या तशी चिकटवा. मध्येच एंटर पडला तर चालणार नाही. जुन्या कीने उघडलेली खिडकी या सगळ्या वेळात बंद करायची नाही. तपासणी दुसऱ्या खिडकीतून.

या तपासणीतच बहुतेकांची फसगत होते. एजंटमध्ये (उघडलेली की मेमरीत धरून ठेवणारा प्रोग्रॅम) जुनी की बसलेली असते, क्लायंट गुपचूप तीच पुढे करतो, लॉगिन होतं, आणि तुम्हाला वाटतं नवी चालली. मग जुनी ओळ खोडता आणि बाहेर राहता. त्यामुळे ‘-आय’ने नवी फाइल दाखवा, सोबत ‘आयडेंटिटीजओन्ली=यस’ द्या, आणि ‘-व्ही’ लावून ‘सर्व्हर ॲक्सेप्ट्स की’ या ओळीतला फिंगरप्रिंट (कीची छोटी ओळखखूण) नव्या कीचाच आहे ना, ते डोळ्यांनी बघा. मगच जुनी ओळ काढा. फक्त तुमच्या खात्यातली नव्हे, रूटच्या (सगळे अधिकार असलेलं खातं) फाइलमधलीही. ॲमेझॉनच्या कन्सोलवर की-पेअर डिलीट केल्याने चालू सर्व्हरमधली ओळ जात नाही. आत जाऊन हातानेच काढावी लागते.

मशीनगणिक वेगळी की ठेवल्याचा फायदा लॉगमध्ये दिसतो. उबंटूवर ‘ऑथ.लॉग’ उघडा. प्रत्येक यशस्वी लॉगिनच्या ओळीत कुठल्या कीने आत आलं त्याचा फिंगरप्रिंट असतो. तीच की चार ठिकाणी असेल तर ही ओळ असून नसल्यासारखी.

ऑफिसच्या विंडोजवर पुट्टी हा एसएसएचचा प्रोग्रॅम वापरत असाल तर एक गोष्ट आजच बघा. एप्रिल 2024 मध्ये पुट्टीच्या 0.68 ते 0.80 आवृत्त्यांमध्ये मोठा दोष सापडला. 521 बिटांच्या एनआयएसटी प्रकारच्या ईसीडीएसए कीने केलेल्या साधारण 60 सह्या कुणाच्या हाती लागल्या, तर त्यावरून प्रायव्हेट की गणिताने काढता येत होती. फाइलझिला आणि विनएससीपी या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅममध्येही तोच कोड होता. 0.81 मध्ये दुरुस्ती झाली, पण आधीच झालेल्या सह्या परत घेता येत नाहीत, त्यामुळे त्या प्रकारच्या कीज टाकूनच द्याव्या लागतात. आरएसए आणि ईडी25519 वाल्यांना धक्का नव्हता. तसंही आता विंडोजमध्ये ओपनएसएसएच आयतं येतं. पुट्टीची सवय मोडवत नसेल तर निदान आवृत्ती बघा.

रोज दहा वेळा पासफ्रेज टाइप करायचा कंटाळा येतो, मान्य. त्यासाठीच एजंट आहे: ‘एसएसएच-ॲड -टी’ने काही तासांची मुदत देऊन की चढवा, मुदत संपली की आपोआप उतरते. पण एजंट फॉरवर्डिंग, म्हणजे सर्व्हरवरून तुमचा एजंट वापरू देणारं ‘-ए’, सवयीने लावू नका. ज्या सर्व्हरवर तुम्ही तसे जाता, त्यावर रूट असलेला कुणीही तुम्ही जोडलेले असेपर्यंत तुमच्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो. एप्रिल 2019 मध्ये मॅट्रिक्स.ऑर्ग या मेसेजिंग सेवेच्या सर्व्हरांवरचा हल्ला उघडकीस आला, त्यात हल्लेखोराने एका यंत्रावर शिरकाव करून फॉरवर्ड केलेल्या एजंटच्याच आधारे पुढची यंत्रं गाठली होती. मधल्या सर्व्हरमधून पुढे जायचं असेल तर ‘-जे’ वापरा. त्यात सही तुमच्या मशीनवरच होते, मधला फक्त वाट देतो.

आणि दोन्ही मशीन एकदम गेली तर? ॲमेझॉन त्यांनी बनवलेल्या प्रायव्हेट कीची पेम फाइल एकदाच डाउनलोड करू देतं, स्वतःकडे ठेवत नाही, हे खरंय. पण तिथला सर्व्हर थांबवून त्याची रूट डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडता येते, फाइलमध्ये नवी पब्लिक की घालून डिस्क परत लावता येते. बाकी दोन सर्व्हरांना होस्टिंगवाल्याचं वेब कन्सोल बहुधा असेल, त्याचा पासवर्ड आणि टू-फॅक्टर नीट सांभाळा. खर्चाची तयारी असेल तर एफआयडीओ या मानकाची हार्डवेअर की, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटं उपकरण, घ्या. 2020 च्या 8.2 आवृत्तीपासून ती एसएसएचला चालते, फक्त सर्व्हरवरची आवृत्तीही तेवढी नवी हवी. घेतलीत तर दोन घ्या आणि एक कपाटात ठेवा.

राहिला तुमचा शिकाऊ मुलगा. त्याला तुमची की अजिबात देऊ नका, एका दिवसापुरतीही नाही. त्याला स्वतःच्या मशीनवर की बनवू दे, पासफ्रेज त्याचा त्याने ठरवू दे, तुमच्याकडे फक्त ‘.पब’ फाइल येऊ दे. सर्व्हरवर त्याचं वेगळं खातं काढा, सुडो (रूटचे अधिकार वापरायची मुभा) लागेल तेवढंच. त्याच्या ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम=’ लिहून ऑफिसचा आयपी घाला, म्हणजे ती की बाहेरून चालणार नाही. शिवाय ‘एक्स्पायरी-टाइम=’ लिहून त्याची इंटर्नशिप संपते त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये काही न घालता आठ आकड्यांत. हे 2018 च्या 7.7 आवृत्तीपासून चालतं. ती तारीख लागली की सर्व्हर त्या कीला आपणहून नकार देतो. मुदत वाढवायची झाली तर तेवढा आकडा बदला.