हिचहायकर हाती लागला तर

लेटरबॉक्सिंग म्हणजे लपवलेले डबे शोधायचा खेळ: डब्यातल्या शिक्क्याचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा आणि आपल्या शिक्क्याचा डब्यातल्या वहीत द्यायचा. नागपुरात अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सकडे लपवलेल्या एखाद्या डब्यात मूळ शिक्क्यासोबत आणखी एक छोटी पिशवी दिसली, तर ती त्या डब्याची नाही हे ओळख. तो हिचहायकर, म्हणजे स्वतःचा शिक्का आणि वही घेऊन डब्याडब्यातून फिरणारा. तो उचलायचा आणि पुढच्या डब्यात सोडायचा.

त्याचा ठसा तुझ्या वहीत, तुझा त्याच्या वहीत, एवढं सगळेच करतात. राहून जातं ते पुढचं: त्या डब्याचा ठसा हिचहायकरच्या वहीत आणि हिचहायकरचा डब्याच्या वहीत. नव्या डब्यात ठेवतानाही तसंच. त्याचा प्रवास मालकाला या ठशांवरूनच कळतो, म्हणून तारीख घालच.

झाकण लागत नसेल तर कोंबू नको. आपल्याकडच्या जुलैच्या पावसात दोन्ही वह्यांचा लगदा होतो. आत आधीच एक पाहुणा असेल तर दुसरा नको. आणि महिनोन्महिने घरी ठेवू नको बाप्पा, कोणीतरी हाताने कोरलेला शिक्का आहे तो!

ट्रॅव्हलर, म्हणजे कुठे न लपवता मालक सोबत घेऊन फिरतो तो डबा, मात्र मालकाच्या पिशवीतच असतो. दुसऱ्या खेळाडूची भेट झाली की 'काही ट्रॅव्हलर आहे का?' असं आपणच विचारायचं. कधी परवलीचा शब्द लागतो. तो दुसऱ्याला सांगून त्याची मजा घालवू नको. ठसा घेतला की डबा तिथेच परत द्यायचा.