सरकारी रुग्णालयात औषधे कशी येतात आणि मध्येच का संपतात?

राज्यात औषधांची खरेदी एकत्रित होत असूनही सोलापुरातील सरकारी रुग्णालयांत 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी का मिळते, असे आपण विचारले आहे. मी जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी असून औषध भांडार सांभाळतो; त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी भांडाराच्या बाजूने देत आहे.

प्रत्येक सरकारी आरोग्य संस्था वर्षाची मागणी नोंदवते, ती जिल्ह्याला एकत्र होते आणि राज्याच्या खरेदी यंत्रणेकडे जाते. 2017 पासून हे काम हाफकिन या राज्य सरकारच्या औषधनिर्मिती महामंडळाकडे होते. 2023 च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. निविदेत आधी तांत्रिक पात्रता तपासतात, मगच दर उघडतात. त्यानंतर दरकरार, पुरवठा आदेश, नमुन्यांची तपासणी आणि वाटप होते. यांपैकी एक टप्पा लांबला की रुग्णालयाला स्थानिक खरेदी करावी लागते. ती थोड्या प्रमाणात होत असल्याने महाग पडते आणि तिला मर्यादाही असते.

माझ्या मते खरी अडचण मात्र निविदेच्या आधीच, मागणीपत्रात सुरू होते. मागणी बहुधा मागील वर्षाच्या खपावरून ठरते. मधुमेहाची एखादी गोळी दोन महिने शिल्लकच नसेल, तर त्या काळातला खप शून्य दिसतो, पुढची मागणी तेवढीच कमी जाते आणि एका वर्षाचा तुटवडा पुढच्या वर्षाच्या कागदावर 'गरज' म्हणून नोंदला जातो. हे टाळायचे तर औषध किती दिवस उपलब्ध नव्हते हे नोंदवून खप त्या प्रमाणात वाढवून धरावा लागतो. ई-औषधी या औषधसाठ्याच्या संगणकीय नोंद प्रणालीत आवक-जावक दिसते, पण रिकाम्या हाताने परतलेला रुग्ण तिच्यात दिसत नाही. आपल्याकडे आषाढी वारीत पंढरपूरला जुलाब, ताप आणि जखमांच्या औषधांची गरज एकदम वाढते, तर सोलापूर शहरातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात कर्नाटकातील विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्णही येतात. केवळ तालुक्याची लोकसंख्या पाहून केलेला अंदाज तेथे अपुरा पडतो.

तामिळनाडूच्या 1994 साली स्थापन झालेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिले. त्यातील रकमेच्या मर्यादेत रुग्णालय जिल्हा गोदामातून गरजेनुसार औषधे उचलते, आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माल गोदामातच वेगळा ठेवला जातो. मला ही पद्धत मोलाची वाटते, कारण तीत काय लागते हे रुग्णालय वर्षभर ठरवू शकते.

आपल्याला चिठ्ठी मिळाली, तर ती कोणत्या विभागाच्या रुग्णालयातील आहे हे आधी पाहावे. 15 ऑगस्ट 2023 पासूनचा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांना, उदाहरणार्थ ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांना लागू आहे. सर्वोपचार रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असल्यास त्याच घटकाचे जेनेरिक औषध भांडारात आहे का, हे औषध खिडकीवर जरूर विचारावे, आणि नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, म्हणजे त्या औषधाची न भागलेली गरज निदान एका कागदावर तरी येईल.