पाळीच्या आधीची सूज आणि सासूबाईंची गोळी

"मॅडम, पाळी जवळ आली की माझं वजन दोन किलोनं वाढतं. अंगठी निघत नाही, ब्लाउज घट्ट होतो, पोट असं फुगतं की गिऱ्हाईक विचारतं, कितवा महिना? किडनीचं तर काही नसेल ना?"

पहिली दोन वाक्यं मी बऱ्याच जणींकडून ऐकते. गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र हिचाच होता. ती सोलापुरातल्या एका साडीच्या दुकानात काउंटरवर उभी असते. वय 34, दोन मुलं, पाळी नियमित. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, तिला विचारूनच लिहितेय.) मी एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसते. औषध लिहून देणं माझं काम नाही. पण बाई डॉक्टरांसमोर जे पाच मिनिटांत उरकते, ते माझ्यासमोर सविस्तर बोलते.

"यावर आत्तापर्यंत काय काय केलंत?" हा माझा नेहमीचा प्रश्न. तिनं यादी सांगितली. रात्रीचं जेवण सोडलं. पाणी कमी केलं, कारण अंगात पाणीच साठतंय तर वरून आणखी कशाला? साध्या मिठाऐवजी सैंधव आणलं. संध्याकाळी पोट तट्ट झालं की फेसाळणारी ॲसिडिटीची पूड पाण्यात घालून घेते. आणि मग जरा थांबून, "सासूबाईंची एक गोळी घेते अधूनमधून."

कसली गोळी? सासूबाईंना ब्लड प्रेशर आहे, पायांना सूज येते, म्हणून त्यांना लघवीची गोळी चालू आहे. सुनेचे सुजलेले हात पाहून त्यांनीच मायेनं एक दिली. दोन-तीनदा भराभर लघवी झाली, दुसऱ्या दिवशी काटा सव्वा किलो खाली, अंगठी सैल. मग दर महिन्याला पाळीच्या आधी चार-पाच गोळ्या ठरूनच गेल्या. परिणामी सासूबाईंची पट्टी महिनाअखेरपर्यंत पुरेना, शेवटचे काही दिवस त्या गोळीविनाच काढायच्या. घरात कुणाला यात काही गैर वाटलं नव्हतं.

"गोळी बंद केली की काय होतं?"

"तेच तर! दोन दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त सूज येते. म्हणजे मला ती लागतेच आहे ना?"

इथे मला सावकाश बोलावं लागलं, कारण तिचा तर्क ऐकायला अगदी बरोबर वाटतो. लघवीची गोळी किडनीला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. निरोगी बाईचं शरीर याकडे पाणी तुटतंय, धोका आहे, असं पाहतं आणि मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं वाढवतं. गोळी आहे तोवर हे दिसत नाही. गोळी थांबली की संप्रेरकं काही दिवस चढलेलीच असतात आणि अंगावर पाणी जोरात परततं. म्हणजे ती नंतरची सूज गोळीनंच आणलेली. बाई घाबरून पुन्हा गोळी घेते आणि चक्र चालू राहतं. शिवाय या गोळीनं पोटॅशियम जातं. काउंटरवर उभं असताना तिला मधूनच भोवळ यायची, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. ते ती "अशक्तपणा" म्हणून सांगत होती.

त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब, लघवीत प्रथिनं जातात का, क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन. किडनी उत्तम निघाली. पोटॅशियम खालच्या सीमेला टेकलेलं, हिमोग्लोबिन 10.4, म्हणजे कमीच. गोळी बंद झाली. बंद केल्यावर आठ-दहा दिवस सूज वाढेल, घाबरायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं. ते बजावलं नसतं तर तिनं चौथ्या दिवशी पुन्हा पट्टी उघडली असती असं मला वाटतं.

आता माझं काम. मी तिला दोन पाळ्यांचा तक्ता ठेवायला सांगितला. पाळीच्या तक्रारींत आठवणीवर विसंबता येत नाही. त्रास झालेले दिवस लक्षात राहतात, बरे दिवस विसरले जातात. मुलाच्या जुन्या वहीत रोज एक ओळ: पाळीचा कितवा दिवस, सकाळी पोट कसं, संध्याकाळी पोट कसं, अंगठी निघते का, पायांवर सूज, शौचाला झालं का, दुकानाला सुट्टी होती का. वजन रोज करायचं नाही, आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. हे शेवटचं तिला सर्वात जड गेलं.

दोन महिन्यांनी वही घेऊन आली तेव्हा आम्ही दोघींनी लाल-निळ्या पेनानं खुणा केल्या. ती एकच दुखणं समजत होती, वहीत तीन वेगवेगळी दिसली.

पायांची सूज महिनाभर होती. पाळीशी तिचा फारसा संबंध नव्हता, वारांशी होता. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी शून्य, शनिवार-रविवारी गर्दी असली की घोटे भरलेले. अंगठी आणि छातीचा दुखरेपणा मात्र पाळीच्या आधी पाच-सहा दिवस सुरू होऊन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरत होता, दोन्ही वेळा. आणि पोट? सकाळी मऊ, संध्याकाळी ढोलासारखं. सकाळी ओसरणारं आणि जेवणानंतर चढणारं पोट हे बहुतेक वेळा पाण्याचं नसतं, वायूचं असतं. ज्या दिवशी शौचाला झालं नव्हतं, त्या दिवशी ते सर्वात वाईट होतं.

पाळीच्या आधी हे तिन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून बाईला वाटतं सगळं अंगच सुजलं.

पोटाचं कारण सांगते. अंडं सुटल्यावर पाळी येईपर्यंतचे साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं. ते गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं, तसेच आतड्याचेही. अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, मल कोरडा होतो, वायू साठतो. पाळी सुरू झाली की उलट होतं, अनेकींना पहिल्या दिवशी चक्क जुलाब होतात. हिचंही तसंच होतं आणि ती त्याला "बाहेरचं खाल्लं असेल" म्हणत होती.

हातांच्या, छातीच्या सुजेमागे मीठ-पाण्याचा हिशेब आहे. याच दिवसांत मीठ धरून ठेवणारं संप्रेरक वाढतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी थोडं जास्त झिरपतं. एखाद-दोन किलो वजन वर जाणं यात बसतं, ती चरबी नव्हे. तिला सर्वात जास्त धीर आला तो मात्र वेगळ्याच माहितीनं. कॅनडात 62 बायकांनी मिळून 765 पाळीचक्रांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या. 2011 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सुजेचा कळस पाळीच्या आधी नव्हे, रक्तस्राव सुरू होण्याच्या पहिल्या दिवशी दिसला. "म्हणजे पाळी आली तरी सूज उतरत नाही, हे माझं एकटीचं नाही?" नाही. पाळी आली की सगळं तासाभरात ओसरायला हवं ही आपली समजूत आहे, शरीराची नाही.

मग खाण्याकडे वळलो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजीतलं, भाकरीतलं, बाहेरचं सगळं आलं. हिचा दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं सुरू होई, डब्यात लोणचं, चारच्या चहाबरोबर दुकानात सगळ्यांत मिळून फरसाण. सैंधवानं काही साधलं नव्हतं. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि हलकं समजून ती ते हात सोडून घालत होती. पण खरी गंमत त्या फेसाळणाऱ्या पुडीची. तिच्यात खाण्याचा सोडा असतो, म्हणजे सोडियमच. पोट फुगलं म्हणून पूड, पुडीतलं सोडियम अंगात, त्यानं अंगठी आणखी घट्ट, म्हणून सासूबाईंची गोळी. मी हे कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा ती पोट धरून हसली.

शेंगाचटणी बंद करा असं मी सोलापूरकरणीला सांगणार नाही, सांगून उपयोगही नाही. पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस फरसाण, लोणचं, पापड एवढं बाजूला ठेवायचं ठरलं. चटणी घरी कमी मिठाची करायची. पापडात पापडखार असतो, त्यामुळे मीठ कमी घातलेला पापडही सोडियमचाच, हे तिला नवीन होतं. हरभरा, वाटाणा, राजमा त्या आठवड्यात कमी, मुगाची डाळ चालेल. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू, पण लवकर आणि बेताचं. उपाशी राहून रात्री अकराला जे हाताला लागेल ते खाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पाण्याचं थोडं अवघड होतं. ती पाणी कमी प्यायची ते निव्वळ सुजेपायी नाही. दुकानातलं स्वच्छतागृह मागच्या गोदामापलीकडे, सतत जावं लागलं की काउंटरवरची दुसरी मुलगी कुरकुरते. पाणी कमी प्यायलं की मल आणखी कोरडा, आणि शरीर आहे ते पाणी धरून ठेवतं. आम्ही वाटणी केली: सकाळी घरी दोन पेले, दुकानात जेवणाआधी आणि चारला एकेक, घरी आल्यावर उरलेलं. फार शास्त्रशुद्ध नाही, पण जमण्यासारखं होतं. माझ्या मते जमणारा अर्धा सल्ला न जमणाऱ्या पूर्ण सल्ल्यापेक्षा बरा.

पायांच्या सुजेला मात्र खाण्यातून उत्तर नव्हतं. नऊ-दहा तास उभं राहिलं की रक्त आणि पाणी खाली साठणारच, त्यात सोलापूरचा उन्हाळा. पूर्वी साड्या गादीवर बसून दाखवायची पद्धत होती. आता काउंटर आले आणि विकणारी दिवसभर उभी. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय द्यावी असा कायदाच केला. हे मी तिला सांगितलं, मालकाला ऐकवायला नाही, तर आपली मागणी जगावेगळी नाही हे तिला कळावं म्हणून. तिनं आणि आणखी दोघींनी मिळून मालकाच्या पत्नीला विचारलं. दोन स्टूल आले. गिऱ्हाईक नसेल तेव्हाच बसायचं, या अटीवर. बाकी काउंटरमागे उभ्या-उभ्या टाचा वर-खाली करायच्या, त्यानं पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. घरी आल्यावर वीस मिनिटं पाय उशांवर. "त्या वेळात स्वयंपाक कोण करणार?" हा प्रश्न तिनं विचारला नाही, तिच्या चेहऱ्यावर होता. उत्तर सासूबाईंनी दिलं, त्या दुसऱ्या भेटीला सोबत आल्या होत्या. "कूकर मी लावते," म्हणाल्या. त्यांची गोळी आता महिनाभर पुरते, हेही सांगितलं.

डॉक्टरांनी लोह सुरू केलं आणि जोडीला कॅल्शियम. पाळीपूर्व त्रासात कॅल्शियमला बऱ्यापैकी पुरावा आहे. 1998 साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज 1200 मिलिग्रॅम दिलेल्या बायकांचा त्रास तिसऱ्या चक्रापर्यंत जवळजवळ निम्मा झाला होता. मात्र तुलनेसाठी नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांचाही 30 टक्क्यांनी कमी झाला, हेही सांगायला हवं. मुतखडा झालेल्या बाईनं विचारल्याशिवाय घेऊ नये. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, दोन वेळांत अंतर हवं. आणि लोहानं बद्धकोष्ठ वाढू शकतं, त्यामुळे पपई, पालेभाजी, पाणी यांत ढिलाई नको.

चौथ्या महिन्यात अंगठी पाळीच्या आधी तीन दिवस घट्ट होत होती, सहा नाही. पोट बरंच खाली. पायांची सूज गर्दीच्या दिवशी अजून येते. वजन पाळीच्या आठवड्यात अजूनही किलोभर वाढत असेल, पण ती त्या आठवड्यात काट्यावर चढतच नाही. पाळीच्या आधी चीड, रडू असा त्रास तिला फारसा नव्हता. तो असता आणि त्यानं घर-काम अडत असतं, तर बोलणं वेगळ्या वाटेनं गेलं असतं.

तिच्यामुळे दुकानातल्या आणखी दोघी आल्या. एकीला वहीचा तक्ता देऊन पाठवलं. दुसऱ्या 53 वर्षांच्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. "मलाही तसंच फुगतं," म्हणाल्या. पण त्यांचं पोट सकाळीही फुगलेलं असायचं, जवळजवळ रोज, काही आठवड्यांपासून. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. पाळी गेलेल्या बाईचं असं न ओसरणारं पोट अंडाशयाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यांच्यासाठी मी ना वही काढली ना मिठाचा विषय. डॉक्टरांच्या खोलीत सोबत गेले आणि त्याच आठवड्याची सोनोग्राफीची वेळ घेऊन दिली. एकाच पायाला अचानक सूज, दम लागणं, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, फेसाळ लघवी, बोटानं दाबल्यावर खड्डा राहणारी आणि पाळीनंतरही न उतरणारी सूज, गरोदरपणात चेहरा-हात सुजणं, यातलं काही असेल तरीही दोन महिने नोंदी ठेवत बसायचं नाही, आधी डॉक्टर.